काउंसलिंगचे पेढे

आता माझीच फजिती माझ्याच तोंडानं कशी सांगू, बाप्पा! पण नात म्हणते, "सांग आजी, आता मले काही नाही वाटत." म्हणून सांगते.

नात म्हणजे मानसी. अकरावीत आहे. उन्हाळ्यापासून पोट्टीचं तोंडच शिवल्यासारखं झालं होतं. नेहरू नगरात कोचिंगले जाये, घरी येये, दार लावून बसे. अर्धा अर्धा घंटा आरशासमोर उभी राहे, अन् हातात कंगवाही नाही! मी विचारलं, "का पाहून राहिली वं?" तं म्हणे, "कुछ नहीं." मले वाटलं, दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळल्या, चुलीत टाकल्या. ठसका मलेच लागला!

मंग एक दिवस ती मैत्रिणीसंग फोनवर हळूहळू बोलून राहिली होती. मी काही कान देत नव्हती हं! भाजी निवडता निवडता जरा भिंतीजवळ सरकली, एवढंच.

"आज तीन बजे काउंसलिंग है. घर में किसी को मत बताना."

काउंसलिंग! तुम्ही म्हणाल, या अडाणी बाईले का समजते? अहो, भिलाईत राहाते मी! इथं शेंबड्या पोरालेही काउंसलिंग माहीत. समोरच्या साहूबाईच्या पोराची काउंसलिंग झाली अन् त्याले इंजिनेरीची सीट भेटली. तिनं सगळ्या लाइनीत लाडू वाटले, अन् महिनाभर मान वर करून चालली.

मी म्हटलं, अस्सं! म्हणून पोट्टी गुपचूप! आमाले एकदम खुश कराचं आहे तिले. अन् अकरावीतच सीट! अक्कल कोणाची? आजीचीच ना?

ऑटो केला, पावर हाउसच्या बाजारात गेली, दोन किलो पेढे आणले. पहिली साहूबाईच्या दारात.

"हमारी मानसी की काउंसलिंग है आज!"

"अरे वा अम्मा! कौन सी ब्रांच मिली?"

आता ब्रांच मले का माहीत? म्हटलं, "सबसे बडीवाली!"

पाच वाजता मानसी आली, तं फाटकात आठ बाया उभ्या! एकीनं हार घातला, एकीनं तोंडात पेढा कोंबला. साहूबाई म्हणे, "काउंसलिंग में क्या पूछा बेटा?"

पोट्टी पांढरीफट्ट. मले हात धरून आत ओढलं.

"आजी, कावून केलं तू हे? ती सीटवाली काउंसलिंग नोहे! शाळेत एक मॅडम येते, मनातलं ऐकणारी. मी कोण होय, हेच मले समजून नाही राहिलं. बाबाले इंजिनेर पाहिजे, मैत्रिणीयले हसणारी मानसी पाहिजे. मंग मी कुठं आहे? तिच्याजवळ बोलली का हलकं वाटते. आता सगळे मले पागल म्हणतील. मी जाणारच नाही तिथं!"

अन् ढसढसा रडली. चार महिन्यात पोट्टी पहिल्यांदा इतकी बोलली, अन् तेही दोन किलो पेढ्यायचं वाटोळं झाल्यावर!

मी पदर खोचला अन् बाहेर आली.

"सुनो! मुझसे गलती हुई. काउंसलिंग मानसी की नहीं, मेरी है."

"आपकी? अम्मा, इस उमर में कौन सा कॉलेज?"

"कॉलेज नहीं, दिमागवाली. मेरा दिमाग थोडा सरक गया है. मानसी मेरे लिए पूछने गई थी."

एकीनं तोंडातला पेढा हळूच हातात काढला.

पोट्टीच्या बापाले मात्र मी खरं ते सांगतलं. तो म्हणे, "जाऊ दे तिले." तवापासून मानसी बिनधास्त जाते. कोणी विचारलंच तं, "आजी के लिए!"

मी म्हटलं, निभावलं बाई! कुठचं निभावते?

दोन दिवसांनी साहूबाई आली. सोबत दोघीजणी. माझ्या कानाशी वाकली अन् मी बहिरी असल्यासारखी ओरडली, "अम्मा! आज कौन सा दिन है?"

मले विचारते! अहो, माझ्या लग्नाले किती बैलगाड्या आलत्या अन् त्यातला कोणता बैल लंगडा होता, तेही सांगन मी! छाती ठोकून म्हटलं, "मंगलवार!"

साहूबाईनं कॅलेंडराकडे पाहिलं. मंग माझ्याकडे पाहिलं. अन् लहान लेकराच्या फिरवतेत ना, तसा माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

दाराआड मानसी पोट धरधरून हसून राहिली होती.

गुरुवार होता ना, माय!