माश्यांना ऊन हवं होतं

“आवं मॅडम, अळ्या हालंनात. लय घाण वास सुटलाय. तुमी या बघू आधी!”

कमलताईंचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या ऑफिसात चहा पीत होते. चहा तसाच टाकला आणि गाडी काढली. थेट कमलताईंचं रहिमतपूर गाठलं.

त्यांचं युनिट मीच उभं करून दिलं होतं. काम सांगायला सोपं आहे. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाची एक काळी माशी असते. चावत नाही, जेवणावर बसत नाही. तिच्या अळ्या मात्र महाअधाशी. भाजीचा कचरा, शेण, घालाल ते फस्त करतात. मागे उरतं ते त्यांच्या विष्ठेचं भुसभुशीत खत. त्याला आम्ही फ्रास म्हणतो. आसपासचे आल्याचं पीक घेणारे शेतकरी ते मागून नेतात. थोड्या अळ्या मोठ्या होऊ द्यायच्या. त्यांच्या माश्या होतात, त्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायच्या. माश्यांनी अंडी घातली की पुढची बॅच सुरू. ही साखळी तुटली की युनिट बंद.

गावानं आधी कमलताईंना वेड्यात काढलं होतं. “माश्या पाळतीया बया!” तरी त्यांनी नेटानं चालवलं. आता शेजारच्या चार बायका तिथं कामाला येतात.

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि आधी ट्रे तपासले. सगळ्या ट्रेंमध्ये मेलेल्या अळ्या. एकही वळवळत नव्हती. खाद्य मुठीत पिळून बघितलं, ओल बरोबर. आत हात घातला, उष्णता बेताची. मुंग्याही नाहीत. मी ऑफिसातल्या वरिष्ठांना, म्हणजे आमच्या सरांना फोन लावला, तोही स्पीकरवर. मूर्खपणा माझा.

“रोग असणार,” सर म्हणाले. “सगळं पुरून टाक, शेड धुऊन घे. दिवाळीनंतर नव्यानं बघू.”

“पिंजऱ्यातल्या माश्या जिवंत आहेत, सर.”

“त्याही मार. रिस्क नको.”

कमलताईंचा चेहरा पांढरा पडला. “दिवाळीनंतर? तवर ह्या बाया थांबतील व्हय? मॅडम, माश्या मारू नका ओ. पाया पडते.”

सरांचा संताप आला. भीतीही वाटली, कारण ते बरोबर असू शकत होते.

“खायला काय घातलं होतं?”

“न्हेमीचंच की. बाजारातली भाजी आन घरचं शेन.”

भाजीवर फवारणी असेल अशी मला शंका होती. तरी गोठ्यामागच्या उकिरड्यावर गेले. काठीनं शेण उलटलं. आषाढातलं शेण म्हणजे किड्यांचा नुसता बाजार भरलेला असतो. इथं एक किडा नाही! म्हणजे दोष शेणातच होता.

कमलताईंचे यजमान फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. ते गोठ्यात बैल धूत होते. बेंदूर तोंडावर आला होता. त्या दिवशी आमच्याकडे बैल सजवून मिरवतात.

“बघा मॅडम, एक गोचीड घावतंय का! बेंदूर हाय म्हनून समद्या जनावरास्नी इंजेक्शन मारून घेतलं. फौजी काम हाय, अर्धवट न्हाई!”

मी कपाळाला हात लावला. ते औषध शेणातून कितीतरी दिवस बाहेर पडत राहतं. गोचीड मारणारं औषध आमच्या अळीला सोडतंय होय!

“आवं, मला सांगायचं तरी!” कमलताई कडाडल्या.

“बैलाचं तुला कशाला सांगू? कवा सांगितलंय?” हवालदार म्हणाले खरं, पण तोंड उतरलं.

रोग नव्हता; पिंजऱ्यातल्या माश्या इंजेक्शनआधीच्या बॅचमधल्या, म्हणून वाचल्या होत्या. माश्या मारणार नाही, असं मी सरांना ठणकावून कळवलं. पण जीव भांड्यात पडेना. साखळी आता त्या पिंजऱ्यावरच लटकली होती. माश्या जेमतेम काही दिवस जगतात आणि नर-मादी जुळायला त्यांना लख्ख ऊन लागतं. वर आभाळ गच्च भरलेलं. भरदुपारी शेडात लाइट लावावी लागत होती.

“मोठा बल्ब लावू का?” हवालदारांनी विचारलं.

“एलईडीचा उपयोग नाही. जुना हॅलोजन लागेल, तापणारा.”

ते तसेच मोटरसायकल काढून गेले. परतले ते चिंब भिजून, मांडववाल्याच्या माळ्यावरचे दोन हॅलोजन पोत्यात गुंडाळून. जाळी वितळणार नाही इतक्या उंचीवर आम्ही ते टांगले.

मी मुक्काम ठोकला. अंडी घालायला पिंजऱ्यात लाकडी पट्ट्यांच्या जुड्या ठेवतात. फटींत अंडी सापडतात. दर थोड्या वेळानं जुडी उघडायची, रिकामी. खाली मेलेल्या माश्यांचा थर वाढत चाललेला. “घातली का?” कमलताई दारातून विचारायच्या. आत यायचं धाडस होत नव्हतं त्यांना. वीज गेली की हवालदार बोर्डाला शिव्या घालायचे. दुसऱ्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी फटीत पिवळसर रव्यासारखं काहीतरी दिसलं. मी पट्टी कमलताईंच्या हातात दिली. त्या तिथंच मटकन बसल्या आणि रडायला लागल्या. हवालदार पाठ फिरवून उगाचच वायर गुंडाळत उभे राहिले.

त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या आम्ही कोंड्यावर वाढवल्या. औषधाचं शेण आणि मेलेल्या बॅचचं खत, दोन्ही पुरलं. युनिट चालू आहे. सरांना फोटो पाठवला होता, त्यावर “गुड” एवढंच आलं.

हल्ली मी कुठल्याही युनिटला गेले की आधी नवरा-बायकोला शेजारी उभं करते आणि गोठ्यात कुणाला काय टोचलं ते विचारते. बऱ्याचदा तेव्हाच बायकोला पहिल्यांदा कळतं.