दोन ओळींचं प्रशस्तिपत्र

"टाळ्या नंतर. आधी वाचू द्या."

हे म्हणताना त्यांचा उजवा पंजा वर जायचा, चष्मा कपाळावर चढायचा आणि समोर कोण बसलंय याची त्यांना अजिबात पर्वा नसायची. मग संपादक असोत की कँटीनवाला. आमच्या दैनिकात ते मुद्रितशोधक होते आणि मी उपसंपादक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. तुम्ही कुठल्याही कचेरीत काम केलं असेल, तर असा एक माणूस तुम्हालाही भेटला असेल. त्याला सगळे मान देतात आणि त्याचं कुणीही ऐकत नाही.

मास्तरांना वेड होतं राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचं. सिनेमाचं नव्हे, हे लक्षात घ्या. सिनेमे ते फारसे बघतच नसत. थेटरातल्या खुर्चीनं पाठ धरते म्हणायचे. वेड पुरस्काराचं होतं, आणि त्यातही प्रशस्तिपत्राचं. पुरस्कार जाहीर व्हायचे त्या दिवशी दिल्लीहून लांबलचक यादी यायची. प्रत्येक नावाखाली परीक्षकांनी लिहिलेल्या दोन ओळी असायच्या, हा पुरस्कार कशासाठी दिला ते सांगणाऱ्या. आम्ही त्यातून नट, नटी आणि मराठी सिनेमा एवढं उचलायचो आणि बाकीचे कागद टोपलीत टाकायचो. मास्तर ते कागद टोपलीतून काढायचे, मांडीवर ठेवून तळव्यानं सरळ करायचे आणि पिशवीत घालून घरी न्यायचे.

"नावं तर मतदार यादीतबी असत्यात," एकदा ते मला म्हणाले. "कशापायी दिलं, ते कुठं छापलंय तुम्ही?"

"जागा नसते, मास्तर."

"जाहिरातीला व्हती की."

मी हसलो होतो. आज त्या हसण्याची लाज वाटते, पण तेव्हा मोठ्यानं हसलो होतो हे खरं.

चहाच्या वेळी ते त्या सोहळ्याचा इतिहास सांगत बसायचे. ऐकणारे दोघं-तिघं, त्यातले दोन मोबाईलमध्ये. "सुरुवातीला माणसांना काय नव्हतंच. सिनेमाला पदक, नाय तर गुणवत्तेचा कागद. नट, गाणारे, कॅमेरावाले, हे समदे मागून आले." मग सुवर्णकमळ कुणाला, रजतकमळ कुणाला. आदल्या दिवशीची तालीम कशी होते, मंचावर कुठून चढायचं, राष्ट्रपतींसमोर कुठं थांबायचं, पदक घेतल्यावर कुणीकडं वळायचं. परीक्षकांनी आतलं भांडण बाहेर सांगायचं नसतं, हेही ते अशा सुरात सांगायचे की जणू त्यांनाच कुणी शपथ घातली होती. त्यांच्या मते हा सगळा थाट त्या दोन ओळींसाठी होता. "आवाजवाला असू द्या, कपडेवाला असू द्या. ह्या माणसानं काय काम केलं ते देशाचा पहिला माणूस उभं राहून ऐकतो. असं दुसरं कुठं व्हतं, सांगा मला." ते स्वतः दिल्लीला कधीही गेले नव्हते.

प्रक्षेपणाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते कचेरीतल्या टीव्हीसमोर यायचे. राष्ट्रगीत संपलं की आम्ही बसायचो, ते उभेच राहायचे. एका वर्षी क्रीडा पानाचा एक जण कचोरी खात बोलत होता. मास्तरांनी त्याच्या हातातली पुडी काढून टेबलावर ठेवली. "वेशभूषेचं चाललंय. जरा दम धरा." तो बिचारा पॅन्टला हात पुसत उठला आणि वेशभूषेच्या ओळी संपेपर्यंत उभा राहिला. नंतर कितीतरी दिवस आम्ही त्याला त्यावरून चिडवलं.

मला मात्र या सगळ्याचा हळूहळू वीट येत गेला. आता तर शिसारी येते. पुरस्कार कुणालाही मिळो, तासाभरात चौकात फलक लागतो. त्यावर सहा पुढारी हात जोडून उभे असतात आणि ज्याला पुरस्कार मिळाला तो खाली कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढा. शाली घालतात, पेढा तोंडात कोंबतात, पेढा कोंबतानाचा फोटो नीट आला नाही म्हणून परत कोंबतात. काम काय केलं हे विचारायला कुणाला सवड नसते. मी हे सगळं तावातावानं सांगतोय खरा, पण अशा निम्म्या कार्यक्रमांत सूत्रसंचालक मीच असायचो. माईक हातात आला की मला बरं वाटायचं, यापेक्षा त्याला दुसरं कारण नाही.

तर अजिंठ्याच्या नसरीनला रजतकमळ मिळालं. तिचे अब्बा गावात गाद्या-रजया भरून द्यायचे, अजूनही देतात. पोरगी पुण्याला जाऊन ध्वनिमुद्रण शिकली आणि विहिरी खोदणाऱ्या माणसांवरच्या एका छोट्या माहितीपटासाठी तिनं आवाज टिपले. दिल्लीला ती अम्मीला घेऊन गेली. अब्बांचं त्याच आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांनी एका डोळ्यानं दुकानातल्या टीव्हीवर बघितलं. अर्धा बाजार जमला होता. नसरीनचं नाव पुकारलं आणि पडद्यावर काय दिसलं, तर पुढच्या रांगेत बसलेला एक नट, मोबाईल बघणारा. ओळी वाचल्या जात होत्या तेवढा वेळ तोच दिसत राहिला. कॅमेरा परत फिरला तेव्हा नसरीन पायऱ्या उतरत होती. बापाला पोरीची पाठ बघायला मिळाली.

आमच्या शहरात गारखेड्यातल्या एका प्रतिष्ठाननं तिचा सत्कार ठरवला आणि सूत्रसंचालन माझ्याकडं आलं. माहिती घ्यायला मी अजिंठ्याला गेलो, तेव्हा मास्तरांना बरोबर नेलं. ते तोवर निवृत्त होऊन मुकुंदवाडीत राहत होते. दुकानात गादीवरच बसवून चहा दिल्यावर नसरीनचे अब्बा म्हणाले, "लई लोक आले, साहेब. हार घालून गेले. पण पोरीनं केलं काय, ते मला कुणी सांगंना. ती म्हणती आवाज रेकॉर्ड केला. आवाज तर मोबाईलबी रेकॉर्ड करतो. मग सरकारनं हिलाच का बुलाया?"

नसरीन ओशाळून हसली आणि दिल्लीहून मिळालेली पुस्तिका घेऊन आली. त्यात तिचा फोटो होता आणि खाली प्रशस्तिपत्र, इंग्रजीत आणि जड सरकारी हिंदीत. अब्बांनी ते शाळेतल्या गुरुजींकडून दोनदा वाचून घेतलं होतं, डोक्यात काही उतरलं नव्हतं. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, पुस्तिका डोळ्यांजवळ नेली आणि मनातल्या मनात वाचलं. बराच वेळ लागला.

"भाई, हे तुमच्या जबानीत करून आणतो मी," ते म्हणाले. "पण दुकानात बसून नाय वाचायचं. सत्काराला, भर सभेत. लोकांनी उभं राहून ऐकायचं. तशीच रीत हाय त्याची."

"चालंल," अब्बा म्हणाले. "मी येतो. कसाबी येतो."

त्या दोन ओळींवर मास्तर आठ दिवस बसले. मला तीन वेळा फोन. "अंतर म्हणू का फासला?" मी घाईत होतो, काहीतरी म्हणालो. शेवटच्या फोनवर म्हणाले, "मला दोन मिनटं द्या कार्यक्रमात. जास्त नगं." मी म्हणालो, "दिली, मास्तर. तुमच्याशिवाय कार्यक्रम होईल का?" पत्रिकेतही छापलं, प्रशस्तिपत्राचं वाचन आणि खाली त्यांचं नाव.

कार्यक्रम मंगल कार्यालयात, सकाळी अकराला. साहेब, म्हणजे प्रमुख पाहुणे असलेले आमदार, आले अडीचला. तोवर मी माईकवर शेरोशायरी करत होतो, कारण मला तेच येतं. मागं मसालेभाताची पातेली उघडली होती आणि लोकांच्या माना तिकडं वळल्या होत्या. फलकावर साहेब होते, साहेबांचे चिरंजीव होते. नसरीन कुठंय ते मला शोधावं लागलं. मास्तर कोट घालून मंचाच्या कडेच्या खुर्चीत साडेतीन तास बसून होते. कागद आतल्या खिशात. पाणीसुद्धा घेतलं नाही, वाचताना घसा भरतो म्हणाले.

साहेब आले, ढोल वाजला, शाल झाली. मग भाषण. चाळीस मिनिटं त्यांनी स्वतःच्या रस्त्यांवर आणि पाण्याच्या टाक्यांवर घालवली आणि शेवटी नसरीनकडं हात करून म्हणाले, "आमच्या या कन्येनं पडद्यावर जो अभिनय केलाय, त्याला तोड नाही!" प्रचंड टाळ्या. बाई सिनेमात असली म्हणजे नाचणार नाही तर रडणार, यापलीकडं त्या माणसाला काही माहीत नव्हतं. नसरीन स्वतःच्या पायाकडं बघत राहिली. दुरुस्त करायला माईक माझ्या हातात होता. मी "वा, साहेब" म्हणालो.

मी मास्तरांचं नाव पुकारलं. ते उठून माईकपाशी आले, कागद उलगडला, पंजा वर केला. "टाळ्या नंतर. आधी वाचू द्या." आणि थांबले. लोक शांत होऊन उभे राहतील म्हणून थांबले. लोक उभे राहत होतेच, पण ताटं घ्यायला. तेवढ्यात प्रतिष्ठानचा कार्यकर्ता माझ्या कानाशी आला. "सर, वाचन-बिचन कटाप करा. साहेबांना पुढं दोन लग्नं हायेत. ग्रुप फोटो घ्या."

मास्तरांनी एक ओळ जरी सुरू केली असती तर मला थांबवता आलं नसतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. साफ खोटं आहे. मी थांबवलंच असतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्या हातानं माईक काढून घेतला आणि हसत हसत म्हणालो, "आमचे मास्तर अजून प्रूफच तपासताहेत! तोवर आपण फोटो घेऊ आणि जेवायला बसू." हशा पिकला. साहेबही हसले. पहिल्या रांगेत नसरीनचे अब्बा उभे होते, टोपी नीट केलेली, हात अंगाशी सरळ. त्या सभागृहात वाचन ऐकायला उभा राहिलेला तो एकच माणूस होता. माझं बोलून झाल्यावर ते इकडंतिकडं बघून खाली बसले.

मास्तरांनी कागदाची घडी घातली. भांडले असते तर बरं झालं असतं. "पत्रिकेत छापलं तसं झालं नाय," एवढंच म्हणाले, "दुरुस्ती द्यावी लागंल." मला वाटलं, आता हा म्हातारा पेपरात पत्र लिहिणार आणि माझी अब्रू काढणार. मी त्यांना रिक्षापर्यंतसुद्धा सोडायला गेलो नाही. गुलाबजाम खाल्ले, दोन.

पेपरात पत्र आलं नाही. महिन्याभरानं त्यांचा फोन आला तो माझ्या लेखातली एक चूक सांगायला. सत्काराचा विषय त्यांनी काढला नाही आणि मी काढू दिला नाही. मग सहा-सात महिन्यांत मास्तर गेले, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. साहेबांचा शोकसंदेश आला. त्यात त्यांना ज्येष्ठ रंगकर्मी म्हटलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी मुकुंदवाडीला मास्तरांच्या बायकोला भेटायला गेलो. काकू आत बायकांत होत्या. ओट्यावरच्या बाकावर मी बसलो होतो, एवढ्यात नसरीनचे अब्बा आले, अजिंठ्याहून बसनं. त्यांनी मला ओळखलं.

"तुम्हीच व्हते ना त्या दिवशी माईकवर?"

मी मान हलवली. आता ते बोलतील आणि आपण ऐकून घेऊ, अशी तयारी केली. पण ते माझ्याजवळ टेकले आणि मास्तरांबद्दलच सांगू लागले.

"दुसऱ्या दिवशी सकाळीच आले वो ते दुकानात. तोच कोट. मी गादीला टाके घालत व्हतो. म्हणले, भाई, माणसं गोळा करा. पंक्चरवाला आला, हाटेलवाला आला, दोन गिऱ्हाईकं व्हती. समद्यांना उभं केलं. पंखाबी बंद करायला लावला. मग वाचलं. तीन डाव वाचलं, मला पाठ व्हईस्तोवर."

"काय लिहिलं होतं त्यात?" मी विचारलं.

मला ते ठाऊक नसेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मग गुडघ्यावर हात देऊन ते उठले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि समोरच्या रस्त्याकडं बघून म्हणाले,

"विहिरीच्या तळाला माणूस दम टाकतो, अन् वर काठावरनं त्याची बायको त्याला हाक मारती. दोघांच्या मधी किती फासला हाय, ते ह्या पोरीनं निस्त्या कानानं दाखवलं. तिच्या त्या कामासाठी हे रजतकमळ."

ज्या सत्काराचं मी सूत्रसंचालन केलं, तो कशासाठी होता हे मला तेव्हा कळलं. मी बाकावर बसूनच ऐकत होतो. ते लक्षात येऊन मी उठायला गेलो, तोवर त्यांचं म्हणून झालं होतं आणि ते चपला काढून आत चालले होते.