गिरणी न थांबलेली दुपार

घरातला दिवा मंद झाला की मी तांदळाचा डबा उचलायची. टोकावड्याच्या अलीकडच्या आमच्या गावात सगळ्याच बायका तसं करायच्या. पिठाची गिरणी सुरू झाली, हे आम्हाला दिव्यावरून कळायचं. गिऱ्हाईक संपलं की गिरणीवाले दादा मोटर बंद करायचे, नवा डबा आला की पुन्हा सुरू. दर सुरुवातीला दिवा क्षणभर मिटमिटायचा. त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग मुलगी मुरबाडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला गेली आणि ह्यांनी एक वापरलेला कंप्युटर आणला. ती रसायनशास्त्र शिकत होती. औषधातले रेणू एकमेकांना कसे जोडलेले असतात, ते पडद्यावर फिरवून दाखवणारा प्रोग्रॅम तिला प्रोजेक्टसाठी हवा होता. त्याची सीडी कॉलेजात एकच. ती तिला एका दिवसापुरती मिळाली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी परत द्यायची. मी चौथी शिकलेली, पण आज तो प्रोग्रॅम कंप्युटरवर बसला नाही तर प्रोजेक्ट राहणार, एवढं मला कळत होतं.

सकाळपासून ती त्याच्या मागे होती. पडद्यावरची निळी पट्टी भरत जायची आणि मध्येच कंप्युटर बंद होऊन पहिल्यापासून सुरू व्हायचा. जागा कमी असेल म्हणून तिने जुनी गाणी काढून टाकली. सीडी मऊ फडक्याने पुसली. अर्धवट बसलेलं काढून पुन्हा बसवायला घेतलं. शेवटी नाक्यावर जाऊन सरांना फोन केला. सर म्हणाले, दर वेळी एकाच जागी अडत असेल तर सीडी खराब, वेगवेगळ्या जागी अडत असेल तर वीज बघ. ती येऊन पुन्हा बसली. पट्टी अर्ध्यावर आली, दिवा मिटमिटला, कंप्युटर बंद. तिने दिव्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"आई, तू जाशील गिरणीवर?"

रोज चार वाजता वीज जायची, आणि प्रोग्रॅम मध्ये मध्ये काहीतरी विचारायचा म्हणून तिला समोरून उठता येत नव्हतं. मी चारचौघांत कधी बोललेली नव्हते. गिरणीवरही डबा रांगेत ठेवून कोपऱ्यात उभी राहायची. त्या दिवशी दादांच्या कानाशी जाऊन लेकीच्या कंप्युटरचं सांगितलं आणि तासभर मोटर बंद ठेवाल का, असं कसंबसं विचारलं.

दादांनी रांगेतले डबे मोजले. "बंद ठेवून नाय भागायचं, वैनी. चारला लाइट जाते, लोकांचं दळण राहील. लाइट हलते ती मोटर सुरू करताना, त्यापेक्षा आज थांबवतच नाय. पण रिकामी फिरवली तर दगड खराब होतो. दाणा आणा."

शेजारची म्हातारी रांगेत होती. ती म्हणाली, "तुला जीभ हाय गो. मला वाटलं, माहेरी ठेवून आलीस." आणि स्वतःच आधी दाणा आणायला घराकडे वळली.

बायका तांदूळ घेऊन आल्या, कुणी नाचणी आणली. मी माझा डबा सगळा ओतला. तांदळावर नाचणी गेली, नाचणीवर तांदूळ. सगळ्यांचं पीठ मिसळलं. वरचा दाणा संपत आला की कुणीतरी पुढचा डबा ओतायची. मोटर एका सुरात चालली होती आणि मी गिरणीतल्या दिव्यावरून नजर काढत नव्हते.

शेवटी मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिने नुसती मान डोलावली, प्रोग्रॅम बसला होता. म्हातारी दादांना म्हणाली, "थांबव रे आता. कान गेले."

तांदळाचं पीठ शिळं झालं की भाकरीला चिरा पडतात. एकदम इतकं दळलेलं संपेपर्यंत पुढे कितीतरी दिवस आमच्या आळीतल्या भाकऱ्या चिरलेल्या होत्या. एकदा मी म्हातारीच्या ओट्यासमोरून जात होते, तेव्हा तिने ताट वर करून दाखवलं. "तुझ्या लेकीचा कंप्युटर खातोय आमी अजून."

आभार कसे मानायचे, ते मला कळत नव्हतं. मी थोडेसे तांदूळ ताजे दळून आणले आणि चीर न पडलेल्या गरम भाकऱ्या करून तिच्याकडे नेल्या. तिने एक मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.