डंकर्लीला येणारा चष्मेवाला

अदेलार केनेल वर्षातून दोनदा आमच्या डंकर्लीला, खाणीच्या गावाला, यायचा. तळ्यावरचा बर्फ फुटला की मे महिन्यात एकदा, आणि पुन्हा गोठायच्या आत ऑक्टोबरात एकदा. सोबत दोन पेट्या असायच्या. एकीत काचा आणि दुसरीत चष्म्यांच्या दांड्या. स्वतःचे कपडे तो या दोन्हींत जिथे फट मिळेल तिथे कोंबायचा, त्यामुळे त्याचा सदरा कधी सरळ दिसला नाही.

आमच्याकडे यायच्या आधी तो कागदाच्या गिरण्यांच्या तीन गावांत थांबून यायचा. त्या गावांना वास असतो. सडक्या कोबीचा म्हणा, नाहीतर उकळलेल्या मोज्यांचा. तिथल्या लोकांना तो येत नाही. केनेल आला की त्याचा कोट मी दोन दिवस लाकडाच्या खोपटात टांगून ठेवायची. मग म्हणायची, "आता आत आणायला हरकत नाही." तो म्हणायचा, "आभारी आहे." एवढंच. गिरणीवाले यंत्रांच्या आवाजाने बहिरे झालेले असतात, त्यांच्याशी ओरडून ओरडून त्याचा घसा बसलेला असायचा. म्हणून आमच्या वाट्याला तो मुका यायचा, असं माझा भाऊ वेइक्को म्हणायचा. मला वाटतं तो मुळातच तसा होता.

माझी खाणावळ होती. खाणीतले अकरा जण तिथे राहायचे आणि तीसेक जण जेवायचे. केनेल माझ्या जेवणघरात डोळे तपासायचा. एका भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगायचा आणि समोरच्या भिंतीशी खुर्ची ठेवायचा. पंधरा वर्षं हे असंच चाललं होतं. गावातल्या निम्म्या नाकांवर त्याचे चष्मे होते. उरलेले निम्मे म्हणायचे, आम्हाला सगळं स्वच्छ दिसतं.

स्वच्छ दिसण्याचं कारण मला ठाऊक होतं. खाणीच्या डॉक्टरकडेही हाच तक्ता होता, आणि खाणीत टिकायचं तर वर्षातून एकदा तो वाचून दाखवावा लागे. माझ्याकडचे गडी तो पत्ते पिसता पिसता पाठ करायचे. नवा माणूस आला की आधी त्याला गादी दाखवायचे आणि मग तक्ता शिकवायचे.

त्रेपन्न सालच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी तक्त्यावर वाटाण्याचं सूप उडालं. कसं उडालं ते सांगत बसत नाही. मी तो काढून पुसायला स्वयंपाकघरात नेला. तेवढ्यात तेओदोर बाबियाक आला.

तेओदोर म्हणजे खाणीच्या पिंजऱ्याचा इंजिनवाला. बावीस वर्षं गावातला प्रत्येक माणूस त्याच्या हाताने खाली गेला होता आणि त्याच्याच हाताने वर आला होता. तो स्वतः वर इंजिनघरात बसायचा. खालून घंटा वाजली की मोजायचा, आणि समोरच्या तबकडीवरचा काटा बघून पिंजरा अचूक मजल्याशी उभा करायचा. लोक म्हणायचे, पिंजऱ्यात चहा घेऊन उभे राहिलात तरी थेंब सांडणार नाही. चार्ली ओझॉफ नावाच्या एकाने खरंच चहा नेला होता. सांडला नाही.

त्या दिवशी तो पाळी संपवून घाईत आला होता. खुर्चीत बसला आणि डावा डोळा तळहाताने झाकून त्याने सुरुवातच केली.

"इ. एफ, पी. टी, ओ, झेड."

केनेलने तोंड उघडलं होतं, ते पुन्हा मिटलं. तेओदोर आठव्या ओळीपर्यंत गेला. मग हात बदलला आणि दुसऱ्या डोळ्याने पुन्हा पहिल्यापासून आठव्या ओळीपर्यंत आला. एकही चूक नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात ओला तक्ता हातात धरून उभी होते. भिंतीवर फक्त खिळा होता.

"छान वाचलंत," केनेल म्हणाला.

"डोळे आईवर गेलेत," तेओदोर म्हणाला. "आमच्याकडे कुणाला चष्मा नाही."

"आयलीबाई," केनेल माझ्याकडे वळून म्हणाला, "तो तक्ता लावायची घाई नाही."

तेओदोरने मान फिरवली. माझ्या हातात काहीतरी आहे एवढं त्याला दिसलं असावं.

केनेलने उठून बॅटरीचा उजेड त्याच्या डोळ्यांत टाकला. दोन्ही बुबुळं दुधासारखी झाली होती. मोतीबिंदू.

"किती दिवस झाले?"

"तीन वर्षं. चार असतील."

"मग पिंजरा कसा चालवता?"

"कानाने. आणि हाताने." तेओदोरचा आवाज चढला. "तुला काय कळतंय त्यातलं? माझी तीन वर्षं राहिलीत. तीन वर्षं गेली की मी घरी बसेन आणि मग माझे डोळे काढून तळ्यात टाक. उद्या सकाळी खाली जाऊन ये माझ्या हातावर, मग बोल."

केनेल म्हणाला, "येतो."

खाणींच्या गावांत पंधरा वर्षं हिंडून हा माणूस एकदाही जमिनीखाली गेला नव्हता. त्याला खोल जागांची भीती होती. माझ्या तळघरातून बटाटे आणायला सांगितलं तरी तो वरच्या पायरीवर उभा राहून बटाटे दिसतात का बघायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उसनं शिरस्त्राण घालून, चष्मा काढून खिशात ठेवून वेइक्कोच्या शेजारी पिंजऱ्यात उभा राहिला. चष्मा का काढला असं वेइक्कोने विचारलं. "बघण्यासारखं काही आहे का?" "नाही." "मग असू दे."

पिंजरा नऊशे फूट खाली गेला आणि फलाटाशी असा टेकला की मध्ये पत्त्याचं पान जाणार नाही. वर आणतानाही तसंच. केनेल बाहेर आला तेव्हा त्याचा रंग माझ्या पोळपाटावरच्या पिठासारखा होता. तो थेट इंजिनघरात गेला. पाळीचे लोकही मागोमाग गेले. गावात गोष्ट रात्रीतच फुटली होती आणि सगळ्यांना वाटलं, झालं, मिटलं.

केनेलने आधी तबकडी बघितली. तिच्या कडेला कानशीने खाचा केलेल्या होत्या. प्रत्येक मजल्याला एक. तेओदोर बोटाने चाचपून काट्याची जागा ओळखायचा.

"तुमच्यासारखा हात मी पाहिला नाही," केनेल म्हणाला. "पण तुम्ही आंधळे आहात. शुक्रवारच्या गाडीआधी साहेबांना तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन."

"सांगशील?"

"हो."

"मग तुला या गावात पाणी कोण देतं ते बघतो."

शुक्रवारपर्यंत तेओदोर गप्प राहिला. शुक्रवारी केनेल आपल्या दोन पेट्या घेऊन निघाला, वाटेत खाणीच्या कचेरीत शिरला, पाच मिनिटांनी बाहेर आला आणि स्टेशनवर गेला. फलाटावर कुणीतरी त्याला ऐकू जाईल असं "चहाडखोर" म्हणालं. त्याने टोपीला हात लावला आणि डब्यात चढला.

तेओदोरला त्याच दिवशी इंजिनावरून उतरवलं.

ऑक्टोबरात केनेल परत आला. खोली त्याने नेहमीसारखी पत्राने ठरवली होती, आणि दिलेली खोली मी नाकारत नाही. पण न्याहारीची लापशी गरमच द्यावी असं पत्रात कुठे लिहिलेलं नव्हतं. मी ती आदल्या दिवशीची, सुरीने कापता येईल अशी दिली. त्याने ती खाल्ली. "छान आहे," म्हणाला.

तक्ता टांगून तो नऊला बसला. कुणी आलं नाही. बाराला उठला, जेवला, एकला पुन्हा बसला. कुणी आलं नाही. काचा पुसल्या. त्या पुसलेल्याच होत्या. दोन दिवस असे काढून तो गाडीने गेला. मला वाटलं, सुटलो. मे महिन्यात पुन्हा त्याचं पत्र. पुन्हा तो, पुन्हा दोन दिवस, पुन्हा गार लापशी. तेवढ्यात एकदा बेकरीवाला आत डोकावला तेव्हा केनेल अर्धा उठला. बेकरीवाला म्हणाला, "आयली, पाव कुठे ठेवू?"

मधल्या हिवाळ्यात तेओदोर टोरांटोला जाऊन आला होता. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या लावून त्याला आठवडेच्या आठवडे उताणं झोपवलं होतं. परत आला तो बरणीच्या बुडासारख्या जाड काचा लावून. त्यांतून त्याचे डोळे गाईच्या डोळ्यांएवढे दिसायचे. घरात शिरल्यावर त्याने बायकोकडे, पारास्काकडे, नीट बघितलं.

"तू म्हातारी कधी झालीस?"

"तू आंधळा होतास तेव्हा," पारास्का म्हणाली. "आणि आरसा तिकडे आहे."

त्या चष्म्यावर इंजिन मिळणं शक्य नव्हतं. खाणीने त्याला दिव्यांच्या खोलीत बसवलं. पाळीवर जाणाऱ्याला दिवा द्यायचा, येणाऱ्याकडून परत घ्यायचा. इस्पितळात त्याचा नंबर कुणी लावला, पत्रं कुणी लिहिली, हे पारास्काला माहीत होतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. नंतर मला म्हणाली, "सांगितलं असतं तर आभार मानावे लागले असते. आणि मला तर केनेलचा राग आला होता."

मग चोपन्नचा ऑक्टोबर आला. केनेल तिसऱ्यांदा माझ्या टेबलाशी गार लापशीसमोर बसला होता. समोर वेइक्को होता. त्याने केनेलच्या वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चमचा खाली ठेवला.

"आयली, त्याला गरम दे."

"का? तोंड भाजेल साहेबांचं."

"गरम दे म्हणतो ना."

"तुला कुठून एवढा पुळका आला?"

वेइक्को टेबलाकडे बघत बोलला. केनेलने तेओदोरचे डोळे तपासले त्याच्या आधीच्या फेब्रुवारीत वेइक्को आणि आणखी तिघे पिंजऱ्यातून उतरत होते. पिंजरा नऊशेच्या फलाटाशी थांबलाच नाही. चौदा फूट खाली, पिंजऱ्याच्या विहिरीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात गेला. पाणी कमरेपर्यंत आलं, मग छातीपर्यंत, आणि तिथे पिंजरा थांबला. कुणीतरी घंटेची दोरी ओढली. तेओदोरने त्यांना वर काढलं. पाळी सुटल्यावर तो इंजिनघरामागे उभा राहून रडला. चौघांनी शपथ घेतली की कुठे बोलायचं नाही. बावीस वर्षं ज्याने सांभाळलं त्याला कसं बुडवायचं.

"ओले कपडे," मी म्हणाले. "तू म्हणाला होतास की तळ्याच्या बर्फातून पाय गेला."

"म्हणालो होतो."

"मी तुला रम पाजली. आणि वर शिव्या दिल्या."

"दिल्यास."

आईबाप गेल्यापासून मला हा एकच भाऊ. वर्षभर मी ज्या माणसाला शिळी लापशी घालत होते तो समोर बसून ती खात होता. ऐकलं की नाही तेही चेहऱ्यावर दिसेना. मी त्याची वाटी उचलली. तो म्हणाला, "संपत आली होती."

"गप बसा हो," मी म्हणाले, आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे मी थोडा वेळ चुलीकडे तोंड करून उभी राहिले. मग नवी लापशी केली, वर लोणी आणि साखर घातली. ती त्याच्यापुढे ठेवून मी डोळे तपासायच्या खुर्चीत जाऊन बसले. घड्याळात आठ वाजले होते.

"मी नऊला सुरू करतो," केनेल म्हणाला.

"मला सुईत दोरा ओवता येत नाही. दोन वर्षं झाली."

"मग आधी का नाही आलात?"

या प्रश्नाचं उत्तर त्याला हवं होतं असं मला वाटत नाही. तो लापशी पूर्ण खाऊन उठला.

दुपारपर्यंत जेवणघरात रांग लागली. वेइक्कोने पाळीवर सगळ्यांना सांगितलं होतं. उरलेल्या तिघांनीही कबूल केलं. लोक आले, खुर्चीत बसले, आणि माफी मागण्याऐवजी डोळ्यांच्या तक्रारी दुप्पट करून सांगू लागले. केनेलने तक्ता उलटा टांगला होता. पुष्कळांना चष्मे लागले.

संध्याकाळी तेओदोर आला. दारातच उभा राहिला.

"माझा राग गेलेला नाही," तो म्हणाला.

"नसणारच."

"मेलो तरी जाणार नाही."

"बरं."

"तोवर ही दांडी घट्ट करून दे. कानावरून घसरते."

केनेलने दांडी गरम केली, वाकवली, पुन्हा त्याच्या कानावर बसवून बघितली. त्याला हे दोनदा करावं लागलं. तेओदोर मान ताठ धरून बसला होता. निघताना त्याने कोटाच्या खिशातून पारास्काने दिलेला पुडा काढून टेबलावर ठेवला. त्यात बटाटा भरलेल्या करंज्या होत्या, त्यांच्याकडच्या, उकडून लोण्यात परतलेल्या. "तिने दिल्यात. मी नाही," म्हणाला.

त्यानंतर केनेल सात वर्षं येत राहिला. दर खेपेला एक जेवण बाबियाकांकडे असायचं. जेवताना दोघं काय बोलायचे, असं मी पारास्काला विचारलं. "एक म्हणतो मीठ दे. दुसरा देतो."

बासष्टच्या मार्चमध्ये केनेलच्या मुलीची तार आली. झोपेत गेला. तेओदोर, पारास्का आणि मी, तिघं गाडीने गेलो. तीन ठिकाणी गाड्या बदलल्या. चर्चमध्ये सगळं फ्रेंच आणि लॅटिनमध्ये चाललं. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. मागच्या बाकांवर गिरण्यांच्या गावांतून आलेली माणसं होती. पाद्री काय म्हणतोय ते त्यांनाही ऐकू येत नव्हतं, म्हणून ती आमच्याकडे बघून उठत होती आणि आम्ही त्यांच्याकडे बघून बसत होतो.

परतीच्या गाडीत तेओदोरने खिडकीची जागा घेतली. गाडी सुटली तसा सुरू झाला. तो बघा, मूस हरीण. नर आहे. ते तळं, काठाने बर्फ सुटायला लागलाय. ते ओंडके, कुणीतरी वाकडे रचलेत.

"आम्हालाही डोळे आहेत," पारास्का म्हणाली.

"तिकडे धूर," तेओदोर म्हणाला. "दोन घरं. एका दारात बाई उभी आहे. हिरवा स्वेटर."

डंकर्ली येईपर्यंत तो सांगत राहिला.