साडूंच्या दातांच्या तारा

स्वतःचं हसं करून घेण्याची हिंमत आमच्या साडूंइतकी नेवाशापासून कर्जतपर्यंत दुसऱ्या कोणात नसेल, आणि हे मी मोजूनमापून लिहितो आहे. दुसऱ्यावर येणारं कडू आधी स्वतः गिळायचं, हा त्यांचा खाक्या. बायकोला डॉक्टरांनी कारल्याचा रस सांगितला, तर पहिला पेला यांनी घेतला आणि दिवसभर वाकड्या तोंडानं 'ग्वाड हाय' म्हणत हिंडले. म्हशीचं औषधही ते आधी चाखून बघत. जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांच्यापुढं हात टेकले होते.

नव्वदच्या दशकात त्यांची मुलगी नववीत होती. वरचे दोन दात पुढं आलेले, पोरी चिडवायच्या, म्हणून ती शाळेतच जाईना. नगरच्या डॉक्टरांनी दीड-दोन वर्षं तारा लावायला सांगितल्या. आमच्याकडं तेव्हा तार म्हणजे कुंपणाची. आणखी हसतील म्हणून मुलीनं साफ नकार दिला. साडू पुढच्याच आठवड्यात एकटे नगरला गेले आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या दातांना तारा लावून आले. घरी सांगितलं, आपलेही दात बरे दिसत नाहीत.

त्यानंतरच्या बाजाराला मी त्यांच्याबरोबर होतो. हा माणूस प्रत्येक दुकानापुढं थांबून दात दाखवत होता. भाजीवाली म्हणाली, "अण्णा, तोंडाला कुंपन घातलं व्हय?"

"शिव्या लई भाईर पडत्यात, म्हनून घातलं."

सगळा बाजार हसला. मला शरमल्यासारखं झालं. परतताना मी चिडून विचारलं, हे कशासाठी? ते शांतपणे म्हणाले, "गावाला एकदाचं पोटभर हसू द्या, पाव्हणं. पोरीच्या वाट्याला काय उरायला नको."

आणि खरोखर, महिन्याभरात गाव कंटाळलं. मुलीनं तारा लावल्या तेव्हा कुणी वळूनही पाहिलं नाही. ती शाळेत जाऊ लागली. साडूंनी मात्र घरचा ऊस असून दातांनी सोलला नाही, आणि सगळे हुरडा खात असताना ते ताकभात कालवत बसले.

परवा ती माहेरी आली होती. दोन पोरांची आई, मोकळं हसते. जेवताना म्हणाली, "काका, आमच्या अण्णांना त्या वयात केवढी हौस!" मी सांगायला तोंड उघडलं, तर साडूंनी माझा गुडघा दाबला.

"व्हय," तिच्याकडं बघत ते म्हणाले, "लई हौस हुती."