दहापैकी आठ

गुण देण्याच्या बाबतीत माझा हात पहिल्यापासून आखडता. तिरोड्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवून मी निवृत्त झाले, पण पूर्ण गुण माझ्या हातून कुणालाही मिळाले नाहीत. सगळी उत्तरं बरोबर आली तरी अक्षर, खाडाखोड, समास, काहीतरी सापडायचंच. पूर्ण गुण मिळाले की पोरं शेफारतात, हे माझं ठाम मत. शिक्षकखोलीत सगळे चिडवायचे, "बाईच्या हातून गुण सुटण्यापेक्षा चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी लवकर सुटते." मला ते कौतुकच वाटायचं.

मागच्या उन्हाळ्यात बहिणीला घेऊन त्या चोरखमाऱ्याच्या तलावाकडे गेले होते. परतताना तलावाच्या पाळीवरच, बांधावर, स्कूटर बंद पडली. ऊन मी म्हणत होतं, आणि बहीण मधुमेहाची. मी शोरूमला फोन केला. तिथला मिस्त्री, तिशीतला असेल, जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या मोटरसायकलवर आला. मातीत गुडघे टेकून त्याने स्कूटर उघडली, अडकलेला कचरा काढला, चालू करून दिली आणि पुन्हा बंद पडू नये म्हणून घरापर्यंत आमच्या मागे आला. चहा घे म्हटलं तर "राहू द्या जी, काम पडून राहिलं हाय," म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला. एक मुलगी हिंदीत विचारत होती, कालच्या कामाला शून्य ते दहामध्ये किती नंबर द्याल? मी विचार केला. मनापासून केला, हे सांगायला हवं. मग म्हणाले, "आठ." फोन ठेवल्यावर बहिणीला वर सांगितलंसुद्धा, की माझ्याकडून आठ म्हणजे डोक्यावरून पाणी.

धान कापणीला आलं तेव्हा स्कूटर सर्व्हिसिंगला टाकायला गेले. बघते तर तो मिस्त्री गाड्या धुण्याच्या रॅम्पवर. पायात गमबूट, हातात पाण्याची नळी. कुणाच्या बदली उभा असेल, असं मला वाटलं. मी विचारलं, "आज इकडे काऊन?" तो कसंनुसं हसला. "मॅनेजर सायबाले विचारा जी."

मॅनेजर गोंदियाचा. त्याने मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि अगदी गोड आवाजात समजावलं, "मॅडम, कंपनी के हिसाब से नौ और दस ही पास. आठ मतलब फेल." लोक असले फोन उचलत नाहीत. निकालाच्या त्या महिन्यात या मिस्त्रीच्या गिऱ्हाइकांपैकी फोन उचलला तो मी एकटीने. त्याला हेड मिस्त्री करायचं जवळपास ठरलं होतं, ते राहिलं. वरून नियम असा, की नापास झालेल्याने पुढच्या वर्षीचा निकाल येईपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही.

"नंबर बदला," मी म्हणाले. "आत्ता लिहून देते."

"सिस्टम में चला गया, मॅडम. काम अच्छा था तो दस बोल देना था ना."

मी आवाज चढवला. कोणत्या गाढवाने हे माप काढलं, आठ नापास तर खालचे आकडे ठेवलेत कशाला, असं बरंच बोलले. नोकरीत असताना एक साहेब चहा संपेपर्यंत माझ्या वर्गात बसले होते आणि माझ्या गोपनीय अहवालात 'साधारण' लिहून गेले होते. मोजमाप करणाऱ्यांवर तोंडसुख घ्यायची माझी हौस तेव्हापासूनची. त्या दिवशीही बोलताना मला बरं वाटत होतं, याची आता जास्त लाज वाटते. नियम मूर्खपणाचा होता, पण दोन गुण कापले होते ते मी. कंपनीने ते फक्त खरे मानले.

बाहेर आले तर तो माझीच स्कूटर धूत होता. मला बघून त्याने नळी बंद केली. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मी काही बोलणार तेवढ्यात तोच आवाज खाली करून म्हणाला, "बाई, एक विचारू जी? राग नोका मानू."

"विचार."

"तुमी मास्तरीणबाई. तुमी उगाच नंबर कापणार नाई. मी गंज विचार केला, पण मले काई सापडलं नाई. दोन नंबर कायचे कापले? सांगून द्या, म्हंजे मी सुधारून घेतो."

मी ती दुपार आठवू लागले. खरोखर शोधलं, कारण तो उत्तराची वाट पाहत होता, आणि मलाही काहीतरी सापडायला हवं होतं. शाळेतली पोरंसुद्धा माझा पेपर घरी नेऊन अशीच शोधत बसली असतील, हे मला त्या ओल्या रॅम्पवर उभं असताना पहिल्यांदा सुचलं. त्यांच्यातल्या एकालाही मला येऊन विचारायची हिंमत झाली नव्हती. मला वर बघवेना.

"काही नाही रे," मी म्हणाले. "काहीच कमी नव्हतं."

"मंग?" तो म्हणाला.