मेंबरमामांचे मत

मेंबरमामांना काहीही विचारा, उत्तर लगेच यायचे नाही. कुंभकोणमच्या बाजारात त्यांचे पितळी भांड्यांचे दुकान होते. एखाद्या बाईने "यांतला कुठला हंडा घेऊ?" असे विचारले की ते दोन्ही हंडे वाजवून बघत, पुन्हा वाजवत आणि म्हणत, "हाही चांगला, तोही वाईट नाही. मज जरा विचार करू द्या." तोवर बाई शेजारच्या दुकानात शिरलेली असे.

अशा माणसाला आमच्या पक्षाने नगरपालिकेत निवडून आणले, कारण तमिळ गल्ली असो की आमची मराठी, त्यांचे कुणाशी वाकडे नव्हते. इंग्रजांचे राज्य होते. माझा थोरला भाऊ मिरवणुकीत पकडला जाऊन तुरुंगात पडला होता. मी पक्षाचा चिटणीस, पंचविशीतला, आणि मला सगळे अगदी स्वच्छ दिसत होते. नगराध्यक्ष सरकारने नेमलेला; तेव्हा आमची माणसे सुटेपर्यंत त्याच्या प्रत्येक ठरावाविरुद्ध मत द्यायचे, असे पक्षाने ठरवले. मामांनीही त्या कागदावर सही केली.

नेमका त्याच अध्यक्षाने चेरीत, म्हणजे गावाबाहेरच्या अस्पृश्यांच्या वस्तीत, नळ नेण्याचा ठराव आणला. उन्हाळ्याचे दिवस. कावेरीत नुसती वाळू. चेरीतल्या बाया पात्रात खड्डे उकरून वाटीवाटीने घागर भरत. मामा ते बघून आले आणि थेट माझ्याकडे आले.

"त्यांस काय सांगू? आमची माणसे सुटेपर्यंत तहान आवरा?"

"मामा, आज एक ठराव सोडला की उद्या सगळेच सोडावे लागतील. दादा आत आहे."

"तुझेही खरेच," ते म्हणाले. "म्हणून तर मज काही सुचत नाही."

सभेत त्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला. एका मताच्या फरकाने ठराव मंजूर झाला. बाहेर आमच्या लोकांनी "फितूर, फितूर" असा गलका केला. त्यात माझाही आवाज होता. मामांनी गर्दीतून वाट काढत राजीनामा माझ्या हाती दिला. "मत माझ्या मनाचे दिले. जागा पक्षाची होती. ती घे."

त्या जागेवर पक्षाने मला उभे केले, आणि माझ्यासाठी भर उन्हात दारोदार फिरले ते मामाच. मी चक्रावलो.

"पक्ष चुकला म्हणता, मग त्याच्यासाठी फिरता कशाला?"

"चुकला असे मी कोठे म्हटले?"

"म्हणजे तुम्ही चुकलात?"

ते चालत राहिले. कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "तसेही वाटत नाही. मज हे जुळत नाही बाबा. तुला जुळले तर सांग."

मी निवडून आलो. मंजूर झालेल्या पैशांत नळाची वाहिनी जेमतेम चेरीच्या तोंडाशी आली होती. ती आत नेऊन पाणी सोडण्याचा ठराव माझ्या पहिल्याच सभेत आला. ठरल्याप्रमाणे मी विरोधात हात वर केला आणि ठराव एका मताच्या फरकाने पडला. मामा प्रेक्षकांच्या बाकावर बसले होते. पायऱ्या उतरताना ते काहीतरी कठोर बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी विचारले, "दादाची चिठ्ठी आली का?" आणि ते दुकानाकडे वळले.

पुढच्याच पावसाळ्यात तापाने मामा गेले. दादा सुटून आला तो त्यानंतर. मी त्याला सगळे सांगितले. शाबासकी मिळेल, अशी अर्धीमुर्धी आशा होती. तो म्हणाला, "आणि चेरीतली माणसे आता पाणी कोठून आणतात?"

मला ठाऊक नव्हते. मी तिकडे कधी गेलोच नव्हतो.